चेंडू पोहोचल्यानंतर

युद्धातून सावरणाऱ्या देशांतील मुलांसाठी खेळाचा आधार घेणाऱ्या संस्थांत ‘राइट टू प्ले’ हे ठळक नाव. तिचे मूळ १९९२ सालच्या ‘ऑलिंपिक एड’ या मदतनिधीत आहे. नॉर्वेतील लिलेहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या आयोजकांनी हा निधी उभारला. १९८४ मध्ये हेच ऑलिंपिक भरवणारे सारायेव्हो तेव्हा वेढ्यात सापडले होते, आणि मदतीचा पहिला विचार त्या शहराचा होता.

निधीचा राजदूत म्हणून स्केटिंगपटू योहान ओलाव कॉस १९९३ मध्ये एरिट्रियात गेला. तीस वर्षांच्या लढ्यानंतर तो देश नुकता स्वतंत्र झाला होता. तिथे एका मुलाभोवती सगळ्यांचा गराडा असे, कारण त्याच्या सदऱ्याला लांब बाह्या होत्या. सदरा गुंडाळून बाह्यांची गाठ मारली की चेंडू तयार होई. पुढच्या वर्षी कॉसने लिलेहॅमरला तीन सुवर्णपदके जिंकली, बक्षिसाची बरीच रक्कम निधीला दिली आणि देशवासीयांनाही देण्याचे आवाहन केले. नॉर्वेतल्या मुलांनी दिलेले खेळाचे साहित्य विमानात भरून तो एरिट्रियात परतला. भुकेल्यांना चेंडू कसले नेता, अशी टीका मायदेशी झाली. एरिट्रियाच्या राष्ट्राध्यक्षांना मात्र ही भेट मोलाची वाटली: केवळ जगवण्यापलीकडे आपल्या लोकांना कुणी माणूस मानले, असे त्यांचे म्हणणे.

टीका अगदीच पोकळ नव्हती. खडबडीत जमिनीवर चेंडू लवकर फाटतो, जुने बूट मापात बसतीलच असे नाही, आणि शिकवणारा नसेल तर थोराड मुले खेळतात, बाकीची कडेला उभी राहतात. २००० नंतर संस्थेने केवळ निधी गोळा करण्याऐवजी प्रत्यक्ष कार्यक्रम चालवायला घेतले, त्याचे महत्त्व इथे आहे. ‘राइट टू प्ले’ हे नाव २००३ मधले. स्थानिक शिक्षक आणि तरुणांना प्रशिक्षक म्हणून तयार करणे हा तिच्या कामाचा कणा आहे.

ठाणे जिल्ह्यात असे युद्ध झाले नाही, पण उठून आलेली वस्ती आहे. अशी एक वस्ती म्हणजे मुंब्रा, ठाण्याहून जाताना दिव्याच्या अलीकडचे स्टेशन. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील असंख्य मुस्लीम कुटुंबे तिथे आली आणि गाव दाटीवाटीचे शहर झाले. २०१२ च्या सुमारास तिथे ‘परचम’ या गटाने मुलींचे फुटबॉल सुरू केले. सबाह खान या संस्थापकांपैकी एक. मजाज या उर्दू कवीने स्त्रीला पदराचा परचम, म्हणजे ध्वज, करायला सांगितले होते, गटाचे नाव त्या ओळीवरून आले. खेळायला मुली तयार होत्या. मैदानावर मुलग्यांचा कब्जा होता आणि घरून परवानगी मिळणे कठीण. म्हणून मुलींनी सह्या गोळा करून, स्वतःसाठी राखीव मैदान लोकप्रतिनिधींकडे मागितले. चेंडू देणगीत मिळू शकतो. मैदान आणि घरची संमती कोणत्याही पेटीत भरून पाठवता येत नाही. दिवा-मुंब्र्यासारख्या, इमारतीला इमारत खेटलेल्या भागात तर मैदान हेच सर्वांत महाग साहित्य ठरते.

तरीही साहित्य द्यायचे असेल, तर आधी तिथल्या प्रशिक्षकाला विचारावे. बुटांची मापे लिहून घ्यावीत, मुलींच्या मापाचे जोड वेगळे ठेवावेत, आणि चेंडूंबरोबर पंप व हवा भरायची सुई न विसरता पाठवावी.