हुकमी खेळाडूचा सौदा

नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याला पथारीचे गणित शिकवावे लागत नाही. बाजार समितीच्या लिलावात ओली लाल मिरची घ्यायची, पथारीवर वाळत घालायची आणि मग ठरवायचे, आजच्या भावाला माल मोकळा करायचा की थांबायचे. थांबल्याने भाव चढेलही. पण अवकाळी पावसाची एक सर आली तर मिरची काळी पडते आणि कालचा भावही हातचा जातो. मोठमोठ्या संघांचे मालक आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू दुसऱ्याला देऊन टाकतात, तेव्हा लोक त्यांना वेड्यात काढतात. पण त्यांचा हिशेब पुष्कळसा या पथारीवरचाच असतो.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचेच उदाहरण घ्या. २००८ साली पहिल्या आयपीएलमध्ये बंगळूरने त्याला साडेचार लाख डॉलरला घेतले होते. मुंबईने कर्नाटकचा फलंदाज रॉबिन उथप्पा याच्यावर ८ लाख डॉलर लावले होते. २००९ च्या हंगामाआधी दोघांची सरळ अदलाबदल झाली. मुंबईला अनुभवी वेगवान गोलंदाज हवा होता, बंगळूरला आपल्या मुलखातला फलंदाज. वस्तूला वस्तू, असा हा जुना व्यवहार. त्या वर्षी बंगळूर अंतिम सामन्यात पोहोचले आणि मुंबई सातवी आली. पुढच्या वर्षी मात्र मुंबईने अंतिम सामना गाठला. एका हंगामावरून सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे ठरत नाही.

व्यापाऱ्याने खरा अभ्यास करावा तो हार्दिक पंड्याच्या प्रकरणाचा. मुंबईने २०१५ साली त्याला अवघ्या १० लाखांत घेतले. २०१८ साली त्याला राखायला ११ कोटी मोजले. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी नियम असा होता की जुन्या संघाला चारच खेळाडू राखता येतील. मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना ठेवले व हार्दिकला सोडले. त्याच्या बदल्यात मुंबईच्या पदरात एक पैसाही पडला नाही. नव्या गुजरात संघाने त्याला १५ कोटींत घेऊन कर्णधार केले आणि पहिल्याच वर्षी चषक जिंकला. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने तोच खेळाडू १५ कोटींच्या मानधनावर परत आणला. त्यासाठी थैलीत जागा हवी होती, म्हणून साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळूरला देऊन टाकला.

स्वस्तात घेतलेला, स्वतः घडवलेला माल फुकट गेला आणि दोन वर्षांनी बाजारभावाने परत घ्यावा लागला. ही धास्तीच संघमालकांना विकायला लावते. खेळाडूचा करार संपत आला की त्याची किंमत रोज उतरते. संपला की तो मोकळा, आणि जुन्या मालकाच्या हाती काही नाही. म्हणून विकायचे तर करार शिल्लक असताना, भाव चढा असताना. शिवाय संघाला खर्चाची मर्यादा घातलेली असते. एकट्यावर थैलीचा मोठा हिस्सा गेला की बाकीचे गडी हलके घ्यावे लागतात.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हे सारे अधिक टोकाला जाते. तिथे मैदानात पाचच खेळाडू असतात, त्यामुळे एका चांगल्या खेळाडूचे वजन क्रिकेटपेक्षा कितीतरी जास्त. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस संघाने लुका डॉन्सिच या २५ वर्षांच्या खेळाडूला लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे पाठवले. आदल्याच वर्षी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेले होते! बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, आणखी एक खेळाडू आणि २०२९ सालातला नवा खेळाडू निवडण्याचा एक हक्क मिळाला. डॉन्सिचला लवकरच ५ वर्षांसाठी सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार द्यावा लागणार होता आणि त्याच्या तब्येतीबद्दल मालकांना खात्री नव्हती. कारणे अगदीच पोकळ नव्हती. पण सौदा गुपचूप, एकाच गिऱ्हाइकाशी बोलून केला गेला. दुसऱ्या बोलीची वाटच पाहिली नाही. आपल्या बाजार समितीतला नवखा अडत्यासुद्धा असा माल काढणार नाही. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, प्रेक्षक महिनोन्महिने व्यवस्थापकाच्या नावाने ओरडत राहिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला घरी बसावे लागले.

गिऱ्हाइकाची माया वहीत लिहिलेली नसते, पण ती भांडवलच असते. २०२४ साली हार्दिक मुंबईचा कर्णधार होऊन वानखेडेवर उतरला, तर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. रोहितला बाजूला केल्याचा तो राग होता. त्या वर्षी मुंबई तळाला गेली. पुढच्या वर्षी सावरली, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या धंद्याकडे वळू. गॅरेज असो, शिलाईचे दुकान असो की फर्निचरचा कारखाना, एखादा कारागीर असा असतो की गिऱ्हाईक त्याचेच नाव विचारत येते. सुरत रेल्वेने फार लांब नाही. तिकडून जास्त मजुरीचा निरोप आला की मालक उचल वाढवून त्याला बांधून ठेवू पाहतो. उचल म्हणजे करार नव्हे. ती देऊन माणूस थांबतो, मन थांबत नाही. कारागिराला कोणी विकू शकत नाही, हे तर उघडच आहे. पण तो जाणार हे दिसत असताना, तो असतानाच त्याच्या हाताखाली दोन पोरे तयार करून घ्यायची की शेवटच्या दिवसापर्यंत सगळे काम त्याच्याच अंगावर टाकायचे, एवढे तरी मालकाच्या हातात असते. मुंबईला २०२१ साली नियमाने अडवले होते. आपल्याला असा कोणता नियम अडवतो?

वयाचाही हिशेब असतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात पाहिल्याशिवाय कोणी बोली लावत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन हे दोघे राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतले. जडेजा ३७ ला टेकलेला, सॅमसन ३१ चा. शिवाय यष्टिरक्षक, आणि चेन्नईचा धोनी तर ४४ चा. चेन्नईने पुढची वर्षे घेतली, राजस्थानने एकाचे दोन केले. मात्र माणूस घोडा नाही. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. अमेरिकेत डॉन्सिचला मात्र सौदा पक्का होईपर्यंत कानोकान खबर नव्हती. २००८ साली राजस्थाननेच जडेजाला पहिल्यांदा मैदानात उतरवले होते. १७ वर्षांनी तो तिथे परतला, तेव्हा त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले होते.