बालकांतील लिम्फोमा : डॉक्टर-पालक संवादातील शब्दार्थाचा प्रश्न

लिम्फोमा हा लसिकासंस्थेचा कर्करोग होय. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये त्याच्या एका प्रकाराचे वर्णन केले. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातील बालकांच्या जबड्यांतील गाठींकडे लक्ष वेधले. योग्य उपचार पूर्ण झाल्यास हे दोन्ही प्रकार बहुसंख्य बालकांमध्ये बरे होतात. 'पूर्ण झाल्यास' ही अट मात्र औषधाइतकीच संवादावर अवलंबून असते.

आपल्याकडे मानेतील गाठ म्हटली की प्रथम क्षयाचा विचार होतो. तो गैर नाही. परंतु क्षय सिद्ध न होताच औषधे सुरू झाली आणि गाठ वाढत राहिली, तर बायोप्सीविषयी पालकांनी स्पष्टपणे विचारले पाहिजे. सुईने घेतलेला नमुना पुष्कळदा अपुरा ठरतो.

निदानानंतर खरी अडचण शब्दांची असते. 'चौथी स्टेज' हे शब्द ऐकताच, प्रौढांच्या इतर कर्करोगांच्या अनुभवावरून, सर्व संपले असा अर्थ घेतला जातो. लिम्फोमामध्ये स्टेज म्हणजे रोगाचा शरीरातील विस्तार. अस्थिमज्जेपर्यंत पोहोचलेल्या रोगावरही बरे करण्याच्याच उद्देशाने उपचार केले जातात. याउलट, केमोथेरपीच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच गाठ दिसेनाशी होते. डॉक्टर 'प्रतिसाद चांगला आहे' म्हणतात आणि पालक 'मूल बरे झाले' असे समजतात. खर्च, बुडणारी मजुरी, गावचा प्रवास यांच्या ओझ्याखाली मग उपचार अर्ध्यावर सुटतात. अशा पालकांना अडाणी ठरवणे सोपे आहे; प्रस्तुत लेखकास ते अन्यायाचे वाटते, कारण उरलेल्या अदृश्य पेशींविषयी त्यांना समजेल अशा भाषेत बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

यावर एक साधा उपाय आहे. डॉक्टरांनी सांगितलेले पालकांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगावे आणि डॉक्टरांनी ते दुरुस्त करावे. शिक्षकांना ही रीत नवी नाही. सुशिक्षित नातेवाइकाने सोबत जावे, पण पालकांच्या वतीने बोलू नये. मुलालाही वयानुरूप सांगावे. केस गळाल्यावर त्याला काही तरी कळतेच.

दोन गोष्टी मात्र पहिल्या सलाईनपूर्वीच विचारून घ्याव्यात : पुढील काळात हृदयावर व प्रजननक्षमतेवर होऊ शकणारे परिणाम, आणि रात्री ताप आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेला ताप सकाळपर्यंत थांबत नाही.