खेळाडूविना खेळ आणि साथीचे गणित

खेळ म्हटला की खेळणारा आलाच. पण काही खेळ एकदा सुरू करून दिले की आपले आपण चालत राहतात; आपण फक्त बघायचे. इयन चेंग या अमेरिकन कलावंताची ‘एमिसरीज’ ही तीन भागांची कलाकृती अशीच आहे. २०१५ ते २०१७ या काळात ती व्हिडिओ गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच तयार झाली, पण बटणे दाबायला कोणी नाही. पात्रे आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात आणि पुढे काय घडेल हे खुद्द चेंगलाही आधी सांगता येत नाही.

नुसते बघून काय मिळणार, असे वाटेल. त्यासाठी मुलांची चौकटीची वही आणि मूठभर हरभरे घ्या. ब्रिटिश गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ ऑक्टोबर १९७० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून वाचकांपुढे आला. हरभरा असलेली चौकट जिवंत, रिकामी चौकट मृत. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी. जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती टिकते. कमी असले तर एकटेपणाने, जास्त असले तर गर्दीने मरते. रिकाम्या चौकटीला नेमके तीन जिवंत शेजारी असले की तिथे नवा हरभरा. सगळ्या चौकटींचा हिशेब एकदमच करायचा.

आता ओळीत तीन हरभरे ठेवून पाहा. आडवी ओळ पुढच्या फेरीत उभी होते, मग पुन्हा आडवी. पाच हरभऱ्यांची एक मांडणी तर वहीवर तिरकी चालत जाते. ‘चालावे’ असा नियम कुठेच नाही. ती चाल फक्त शेजाऱ्यांच्या संख्येतून निघते.

साथीचा रोगही असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. समजा, वारज्यातल्या एका सोसायटीत कोणी आजारी पडला. तो पीएमपीच्या बसने डेक्कनला कामाला जातो, त्याची मुलगी शाळेत जाते, रात्री सगळे एकत्र जेवतात. घर, शाळा, कार्यालय, बस अशा प्रत्येक ठिकाणी संसर्गाची शक्यता वेगळी. अशी माणसे संगणकात तयार करायची, त्यांना मोकळे सोडायचे आणि बघायचे.

२०२० मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी नेमके हेच केले. त्यांच्या मुंबईत सुमारे सव्वा कोटी काल्पनिक माणसे होती. झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळी धरली होती. शाळा बंद ठेवल्या तर? कार्यालये टप्प्याटप्प्याने उघडली तर? लोकल सुरू केल्या तर? खऱ्या माणसांना धोक्यात न घालता हे प्रश्न विचारता आले.

मात्र हे भविष्यकथन नव्हे. कॉनवे यांच्या खेळात सुरुवात तीच असेल तर शेवटही तोच होतो. साथीच्या खेळात योगायोगाचाही वाटा असतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा चालवावा लागतो आणि उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असेच मिळते. शिवाय ते वास्तवाशी ताडून पाहावे लागते. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत अँटीबॉडीज, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळल्या. इतर वस्तीत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. सगळ्या मुंबईकरांना एकसारखे धरणाऱ्या मॉडेलला हा फरक कधीच दिसला नसता.

कॉनवे यांचे निधन ११ एप्रिल २०२० रोजी झाले, तेही कोविडनेच. त्यांच्या खेळाची शिकवण मात्र आपल्या उपयोगाची आहे. पुढच्या साथीत ‘महिनाभरात इतके लाख रुग्ण’ अशी बातमी आली, तर घाबरण्याआधी तीन प्रश्न विचारा. नियम कोणते धरले? खेळ किती वेळा चालवला? आणि तो कोणत्या खऱ्या तपासणीशी जुळवून पाहिला?