खर्रा, डीएनएचे तुकडे आणि ‘रक्तशुद्धी’

जिवती तालुक्यातील गावे व गुडे येथून येणाऱ्या रुग्णांत खर्रा खाणारे पुष्कळ असतात. तोंड पुरते उघडत नाही, तिखट सोसवत नाही, अशी तक्रार सांगून रुग्ण शेवटी ‘रक्त साफ होण्याचे औषध द्या’ असे म्हणतो. आपणही मंजिष्ठा-सारिवेचा योग देऊन मोकळे होतो. या औषधाने नेमके काय साफ व्हावे अशी आपली अपेक्षा असते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये शरीरात रूपांतरित होऊन पेशींतील डीएनएला चिकटतात. पेशी तो बिघडलेला अंश कापून टाकते व जागा भरून घेते. बिघाड आवाक्याबाहेर गेल्यास पेशी बहुधा मरते आणि तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. प्रथिनाभोवती गुंडाळलेल्या अशा तुकड्याची लांबी बहुधा १६६ जोड्यांच्या आसपास असते.

रक्तातील डीएनेज हे विकर त्यांचे खंडन करते. उरलेले यकृत, प्लीहा व वृक्क टिपून घेतात. रक्तातील त्यांचे प्रमाण सुमारे पाव ते दोन तासांत निम्म्यावर येते. त्यांतील ॲडेनिन व ग्वानिन यांचे अखेर यूरिक ॲसिड बनते व ते मुख्यतः मूत्रावाटे जाते. ही शुद्धी शरीर अखंड करीतच असते. मात्र बिघाडासह जिवंत राहिलेली पेशी गालातच असते व कर्करोगाचा आरंभ तिच्यापासून होऊ शकतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०१५ मध्ये, हे तुकडे निरोगी पेशींत शिरून त्यांनाही इजा करतात, असे प्रयोगांवरून मांडले. ते निष्क्रिय करण्यासाठी रेझव्हेराट्रॉल व ताम्र यांच्या अत्यल्प मात्रेचे प्रयोग त्यांनी केले. २०२४ मध्ये त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. तेवढ्यावरून ताम्रभस्म कर्करोगावर देणे वा विकणे सर्वथा अनुचित होय. ते मिश्रण व ताम्रभस्म एक नव्हेत. अशुद्ध ताम्राचे आठ दोष तर आपल्याच रसशास्त्राने सांगितले आहेत.

येथे निदानपरिवर्जन, म्हणजे खर्रा सोडविणे, हीच प्रथम चिकित्सा होय. पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास, तोंड उघडणे कमी झाल्यास, अथवा व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरल्यास रुग्णास चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी पाठवावे. काढ्याच्या आशेवर गेलेले महिने रुग्णास परत मिळत नाहीत.