रिंगचा हूक किती वाकवायचा?

कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती थोड्या थोड्या अंतरावर चौकोनी रिंगा बांधलेल्या असतात. फिटर आठ मिलिमीटरची सळई वाकवून दिवसभर त्याच करत बसतो. प्रत्येक रिंगेची दोन्ही टोके शेवटी हुकासारखी वळवायची असतात. हा हूक १३५ अंशांत वळवून टोक काँक्रीटच्या गाभ्यात शिरले पाहिजे, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगते. काटकोनातला हूक वाकवायला सोपा आणि बसवायलाही सोपा. पण हादऱ्याने कॉलमचे बाहेरचे आवरण निखळले की तो उघडतो, रिंग सैल पडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. ड्रॉइंगवर सही करणाऱ्या इंजिनीअरला हे ठाऊक असते, पण सळई वाकवणाऱ्याला ते बहुतेक वेळा कुणी सांगितलेलेच नसते. काँक्रीट ओतल्यावर तर ही चूक कुणालाच दिसत नाही.

शेतीखालोखाल आपल्या देशात सर्वांत जास्त माणसे बांधकामावर पोट भरतात. दर शंभर कमावत्यांमागे ती साधारण बारा-तेरा आहेत. तरीही ‘माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक साइटवर ऐकू येते. नाक्यावर रोज सकाळी कामाच्या आशेने उभी असलेली गर्दी पाहिली की या तक्रारीचा खरा अर्थ कळतो. माणसे आहेत, ज्यांचे काम कुणी पारखून घेतले आहे असे हात कमी आहेत. माझ्या मते हा तुटवडा आपल्या शिक्षणानेच निर्माण केला. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले तेच सार्वजनिक बांधकामावरचे दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी. तेव्हापासून देखरेख करणाऱ्यांसाठी पदविका आल्या, पदव्या आल्या, बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्था आल्या. थापी धरणाऱ्याच्या वाट्याला आयटीआयमधला गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला, पण साइटवरचे फार थोडे गवंडी त्या वाटेने येतात. बाकीचे घमेली वाहायला बिगारी म्हणून शिरतात आणि काही वर्षांनी मिस्त्रीने हातात थापी दिली की गवंडी होतात. या गुरुकुलाला मी कमी लेखत नाही. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांची समज अशीच पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आली आहे. मात्र मिस्त्रीला जे स्वतःला माहीत नाही ते तो शिकवू शकत नाही, आणि गेल्या काही दशकांत साहित्य व पद्धती त्याच्या अनुभवाच्या पुढे निघून गेल्या आहेत.

यावर हमखास उत्तर येते की यंत्रे आली, आता इतकी माणसे लागणारच नाहीत. मुंबईच्या किनारी रस्त्याचे बोगदे ‘मावळा’ या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राने खोदले, हे खरेच आहे. घमेली वाहणारे हात कमी होतील आणि ते व्हावेतही. पण यंत्र आले की उरलेल्या हातांची चूक महाग पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. तिथे साचा ओळंब्यात नसेल, तर वाकडी भिंत नंतर विटा सरकवून सरळ करता येत नाही. रेडीमिक्सची गाडी येते, माल घट्ट वाटतो, पसरायला जड जातो म्हणून कुणीतरी ‘थोडे पाणी मार’ म्हणतो. कारखान्यात मोजूनमापून केलेले मिश्रण त्या पाइपाखाली दोन मिनिटांत कमकुवत होते. सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते, एवढी एक गोष्ट कारणासकट पटली असती तर पाइप सुरूच झाला नसता.

कंत्राटदाराची अडचणही खोटी नाही. आज शिकवलेला माणूस उद्या दहा रुपये जास्त देणाऱ्याकडे जातो, मग शिकवण्याचा खर्च त्याने का सोसावा? एकट्याने सोसूच नये. ब्रिटनने १९६४ मध्ये बांधकाम प्रशिक्षण मंडळ स्थापन केले. ते बांधकाम कंपन्यांकडून पट्टी घेते आणि जी कंपनी माणसे शिकवते तिला त्यातून अनुदान देते. आपल्याकडे पट्टी आधीच आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर कामगारकल्याणासाठी गोळा होऊ लागला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की देशभरात जमा झालेल्या ३७,४०० कोटींहून अधिक रकमेपैकी जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाले होते. आजारपण, बाळंतपण, मुलांची शाळा यांवरचा पैसा काढून प्रशिक्षणाला द्या, असे मी म्हणणार नाही. तो कामगाराचा हक्क आहे. पण जो पैसा नुसता पडून राहतो, त्यातून शिकण्याच्या दिवसांची बुडालेली मजुरी भरून द्यायलाच हवी. रोजंदारीवरचा माणूस वर्गात बसत नाही तो शिकायचे नाही म्हणून नव्हे. त्या दिवशी त्याच्या घरची चूल कशी पेटायची, हा त्याचा प्रश्न असतो.

‘प्रमाणपत्रे खूप वाटली, काय झाले?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चार दिवसांत वाटलेल्या कागदाने भिंत सरळ होत नाही, हे मान्यच. पण कागद कुचकामी ठरतो त्याचे दुसरे कारण असे की त्याने मजुरी वाढत नाही. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे दर आहेत. कोण कुठल्या रकान्यात बसतो हे मात्र मुकादमच ठरवतो. इस्रायलसाठी २०२४ मध्ये भरती झाली तेव्हा सेंट्रिंग, सळईकाम, प्लॅस्टर आणि टाइल्स या चार कामांत हजारो तरुणांनी प्रत्यक्ष काम करून परीक्षा दिली. युद्ध सुरू असलेल्या देशात जायचे होते, तरी रांगा लागल्या, कारण पास होणाऱ्याला महिना सव्वा लाखाहून जास्त पगार होता. परीक्षेच्या पलीकडे मजुरी दिसली की माणूस परीक्षेला उभा राहतो. सरकारी कामांच्या निविदांमध्ये तपासलेल्या गवंड्यांचे आणि फिटरचे किमान प्रमाण व त्यांचा वेगळा दर बंधनकारक केला, तर हेच आपल्या साइटवर घडेल.

आणि बायका? त्या आयुष्यभर विटा वाहतात, पण थापी त्यांच्या हातात फारशी येत नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालये बांधायला गवंडी कमी पडले, तेव्हा गावातल्या बायकांना ते काम शिकवले गेले आणि त्या ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. म्हणजे अडचण कधीच त्यांच्या हातांची नव्हती.

मग शिकवणार कोण? आयटीआयमध्ये निदेशक व्हायला पदवी, पदविका किंवा त्या व्यवसायाचे प्रमाणपत्र लागते. तीस वर्षे भिंती उभ्या केलेला, पण दहावी न झालेला मिस्त्री या दारातून आत येऊ शकत नाही. त्याला आधी १३५ अंशांच्या हुकाचे कारण नीट समजावून द्यावे, त्याची परीक्षा घ्यावी आणि मग त्यालाच साइटवरचा शिक्षक म्हणून पगारावर नेमावे. नव्या पोराला सळई कशी धरायची हे तो कुठल्याही पदवीधरापेक्षा चांगले दाखवेल, आणि आता ती तिथेच का वाकवायची हेही सांगेल.