जुन्या स्विफ्टची ताकद वाढवायची आहे? आधी हा हिशोब वाचा

दहा-बारा वर्षं जुनी मारुती स्विफ्ट आजही सेकंड-हँड बाजारात सहज मिळते. पहिली गाडी म्हणून ती घेणारे तरुण भरपूर आहेत. गाडी दारात आली की मोबाइलवर रील्स दिसू लागतात : ‘रिमॅप केलं आणि गाडी उडायला लागली’, ‘फिल्टर बदलला आणि पिकअप दुप्पट’. गॅरेजवालाही पंधरा-वीस हजारांत काम करून देतो म्हणतो. पण तेवढ्या पैशांत नेमकं मिळतं काय?

उत्तर गाडी पेट्रोल आहे की डिझेल, यावर बरंचसं अवलंबून आहे.

पेट्रोल स्विफ्टमध्ये किती फरक पडतो?

2010 पासून स्विफ्टमध्ये 1.2 लिटरचं के-सीरीज पेट्रोल इंजिन आलं. त्याची ताकद साधारण 85 अश्वशक्ती. या इंजिनाला टर्बो नाही. म्हणजे पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत ओढली जाते, तेवढीच इंजिनाला मिळते. हवा मर्यादित, म्हणून जाळता येणारं पेट्रोलही मर्यादित.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, म्हणजे ईसीयूमधली, आकडेवारी बदलणं. ठिणगी कधी पडावी, इंधन किती सोडावं हे त्यातून ठरतं. विनाटर्बो इंजिनात कंपनीने यातला बराचसा फायदा आधीच काढून घेतलेला असतो. त्यामुळे रिमॅपनंतर चार-पाच अश्वशक्ती वाढली तरी भरपूर.

पाच अश्वशक्ती म्हणजे प्रत्यक्षात किती? या गाडीचं वजन सुमारे 965 किलो. चालक धरून 1,035 किलो. 85 ची ताकद 90 झाली की गाडीच्या वेगात जो फरक पडेल, तेवढाच फरक गाडीतलं साठेक किलो वजन कमी केल्यानेही पडतो. थोडक्यात, मागच्या सीटवरचा एक मित्र उतरला की वीस हजारांचं काम फुकटात होतं.

घाटात तर हा फायदा आणखी विरघळतो. उंचीवर हवा विरळ असते. दर 100 मीटरला विनाटर्बो इंजिनाची ताकद साधारण एक टक्क्याने घटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत 85 अश्वशक्तीतली दहा-अकरा गेलेली असते. पाच वाढवून ती भरून निघत नाही. अशा वेळी एक गिअर खाली टाकणं जास्त कामाला येतं.

डिझेलमध्ये गोष्ट वेगळी का आहे?

डिझेल स्विफ्टमधलं 1.3 लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. त्याला टर्बो आहे आणि टर्बो हवा दाबून आत ढकलतो. स्विफ्टमध्ये हे इंजिन 75 अश्वशक्ती देत असे. हेच इंजिन वेगळ्या प्रकारचा टर्बो लावून अर्टिगा आणि सियाझमध्ये 90 अश्वशक्ती देत होतं. म्हणजे इंजिनात वाव आहे, हे कंपनीनेच दाखवून दिलं आहे.

म्हणून डिझेलचा रिमॅप खरोखर जाणवतो. हवेचा दाब आणि इंधन वाढवलं की पंधरा-वीस टक्के ताकद वाढू शकते. ओव्हरटेक सोपं होतं, चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही.

पण वाढलेला जोर पहिल्यांदा जाणवतो तो क्लचला. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत मूळची क्लच प्लेट असेल, तर ती घसरू लागते. पुढचा ताण टर्बोवर येतो. इंधन जास्त आणि हवा कमी असं ट्यूनिंग झालं, तर गाडी काळा धूर सोडते. मग रिमॅपचे पैसे एकीकडे आणि क्लच, टर्बोचं बिल दुसरीकडे.

फिल्टर आणि सायलेन्सर बदलून काय होतं?

मुख्यतः आवाज वाढतो. कंपनीचा स्वच्छ एअर फिल्टर या इंजिनाला लागणारी हवा आरामात पुरवतो. उघडा फिल्टर बॉनेटखाली लावला, तर तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो आणि असलेली ताकदही थोडी जाते. मोठ्या तोंडाच्या सायलेन्सरचंही तसंच. गाडी जोरात ओरडते, म्हणून ती जोरात पळतेय असं वाटतं.

आधी हरवलेली ताकद शोधा

जुनी गाडी ‘ओढत नाही’, याचं कारण बहुतेक वेळा इंजिन लहान असणं हे नसतं. ते मूळच्या ताकदीने चालत नसतं. पेट्रोल गाडीत झिजलेले स्पार्क प्लग, तुंबलेला फिल्टर, काजळलेली थ्रॉटल बॉडी. डिझेलमध्ये कार्बन साचलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा टर्बोचा फाटलेला होस पाइप. दोन्हींत घसरता क्लच, चाकाला घासत राहणारा ब्रेक आणि टायरमध्ये कमी हवा.

ही सगळी तपासणी एका दिवसात होते. इंजिनाचं कॉम्प्रेशनही मोजून घेता येतं. ते कमी भरलं, तर इंजिन आतून झिजलेलं आहे. अशा इंजिनावर रिमॅप करणं म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक मारणं.

टायर आणि ब्रेक आधी का?

गाडी वळते आणि थांबते ती टायरच्या जोरावर. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांवरून तो कधी बनला हे कळतं. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. खाच शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन कडक होतं आणि पावसात पकड सुटते.

साइज वाढवायची, तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेली निवडावी. 2011 मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये खालच्या व्हेरियंटला 165/80 आर 14 आणि वरच्याला 185/65 आर 15 टायर होते. दोन्हींचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. जुनं ऑइल घाट उतरताना तापून उकळलं, तर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. मारुतीने 2017 मध्ये बलेनो आरएसला 1 लिटरचं टर्बो इंजिन दिलं, तेव्हा मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक दिले. गल्लीतल्या रिमॅपमध्ये ताकद वाढते, ब्रेक तेच राहतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरच्या कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी सुधारलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले, तर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. सीएनजी किटसारखे बदल मान्यताप्राप्त किट बसवून आणि आरसीवर नोंद करून करता येतात.

त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवता रिमॅप केला आणि अपघात झाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. वाचवलेला प्रीमियम तेव्हा फार महागात पडतो.

मग पैसे कुठे घालावेत?

आधी संपूर्ण सर्व्हिस आणि दुरुस्ती. मग टायर, ब्रेक, शॉक अॅब्सॉर्बर आणि व्हील अलाइनमेंट. एवढं झाल्यावर गाडी महिनाभर चालवून पाहावी. बऱ्याच जणांची तक्रार इथेच संपते.

त्यानंतरही डिझेल गाडीत जोर कमी वाटला, इंजिन आणि क्लच धडधाकट असतील, तर रिमॅपचा विचार करता येईल, पण आरटीओ आणि विमा कंपनीला विचारूनच. पेट्रोल स्विफ्टमध्ये तो खर्च वाचवलेलाच बरा. गाडी विकताना रिमॅपचा एक रुपयाही वसूल होत नाही, उलट गिऱ्हाईक बिचकतं. ज्याला खरंच जास्त ताकद हवी आहे, त्याने तेच पैसे बाजूला ठेवून पुढची गाडी कंपनीचा टर्बो असलेली घ्यावी. बलेनो आरएस किंवा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय यांसारख्या शंभरहून जास्त अश्वशक्तीच्या गाड्याही आता सेकंड-हँड बाजारात आल्या आहेत.