वासाचे मऊ आमिष : माल पारखावा कसा?

रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवर हौसेने गळ टाकणारे वाढले, तशा दोरी-गळाच्या दुकानांत मऊ प्लॅस्टिकच्या नकली कोळंब्या आणि मासोळ्या दिसू लागल्या. त्यांत वास भरलेला माल महाग. आमचा धंदा कापडाचा, पण रंग पक्का की कच्चा हे पाहून ठाण उचलणाऱ्याला हा मालही पारखता येतो. पुष्कळ दुकानदार पाकीट फोडून हुंगतात आणि जो उग्र तो चांगला समजतात. गिऱ्हाइकाचे पैसे इथेच वाया जातात. हुंगायचे आहे ते माशाला, आणि तेही पाण्यात.

अत्तर तेलात असते म्हणून कपड्यावर टिकते. पाण्यात मात्र तेल विरघळत नाही, तवंग होऊन वर येते. मासा वास ओळखतो तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा. कोळंबी-खेकड्याच्या अंगातून पाझरणारी अमिनो आम्ले ही त्यातली मुख्य. म्हणून नुसते तेल चोपडलेले आमिष आपल्या नाकाला जबर लागले, तरी माशाला त्यातले थोडेच पोहोचते. पाण्याच्या पायावर बनवलेला माल, बर्कली कंपनीचा ‘गल्प’ त्यातलाच, वास भराभर सोडतो. पण तो उघडा राहिला की सुकून चामड्यासारखा कडक होतो आणि गळावरून सोलून काढावा लागतो. त्याच्या पाकिटातला रस सांडू देऊ नये.

साध्या पीव्हीसीच्या आमिषात मीठ घातलेले असले तर ते लवकर बुडते. चव खारट लागल्याने मासा ते चटकन थुंकत नाही. मात्र मिठाने अंग कमजोर होते, लवकर फाटते. ज्या खाडीत केंड आणि चिंबोऱ्या फार, तिथे शेपट्या कुरतडल्या जातात. तिथल्या गिऱ्हाइकाला ताणले तरी न तुटणारा ‘इलाझटेक’ जातीचा माल द्यावा आणि वरून पाण्यात मिसळणारा वासाचा लेप वेगळा विकावा. हा माल पीव्हीसीबरोबर एका डबीत कधीही ठेवू नये. दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात आणि डबीच फेकावी लागते. डास पळवण्याचे काही मलमही मऊ प्लॅस्टिकला खाते, तेव्हा हात धुऊनच माल हाताळावा.

आता वासाने काम किती होते? लांबून मासा ओढून आणण्याची अपेक्षा धरू नये. खरा उपयोग असा, की तोंडात धरलेले आमिष मासा थोडा वेळ जास्त ठेवतो आणि गळ ओढायला सवड मिळते. गढूळ पाण्यात, खडकाच्या कपारीशी तांबोशी किंवा जिताड्यासाठी आमिष तळाशी हळूहळू ओढायचे असेल, तर वासाचे जादा पैसे वसूल होतात. स्वच्छ पाण्यात वेगाने ओढणाऱ्याला आकार, रंग आणि शेपटीची हालचाल हेच कामाचे. त्याला बिनवासाचा स्वस्त माल दाखवावा, तो पुन्हा आपल्याच दुकानी येईल.

फाटलेली आमिषे पाण्यात टाकू नयेत, पीव्हीसी कुजत नाही. गल्ल्याजवळ एक डबी ठेवून ती परत घ्यावीत. नवा माल भरताना प्रत्येक जातीची दोन-चार पाकिटेच घ्यावीत. पाकिटाची शिवण दाबून पाहावी, रस गळत असेल तर ते घाऊकवाल्याला तिथल्या तिथे परत करावे.